शकू, तुझा अर्ज मीच नामंजूर केला

शकू, तुझी शोकसभा मी झोकात केली. तू असतीस तर हसली असतीस. दूध संस्थेचा हॉल उघडला, पशुखाद्याची पोती एका कडेला सारून त्यांवर ताडपत्री टाकली, मधोमध खुर्ची आणि खुर्चीवर तुझा फोटो. फोटो मिळता मिळत नव्हता. शेवटी संचालकांच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात तू कपाळाला आठ्या घालून समोर बघतेस, कुणीतरी चुकीचं वजन केल्यासारखी.

चेअरमन म्हणून मी पहिली बोलले. शकुंतलाबाईंनी गावातल्या महिलांच्या आरोग्यासाठी मोलाचं काम केलं, त्यांच्या जाण्यानं संस्थेची न भरून येणारी हानी झाली, वगैरे. मग दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली. सगळ्या उभ्या राहिल्या आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. ह्याच हॉलमध्ये रोज सकाळचा एक तास मिळावा म्हणून तू दोनदा अर्ज दिला होतास. दोन्ही वेळा तो मी नामंजूर केला. तुला मिळाला नाही तो तास तुझ्या फोटोला मिळाला.

दोन मिनिटं झाल्यावर "बसा" म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. बायका उभ्याच. अखेर मागून तुळसाकाकू म्हणाली, "चेअरमनबाई, बसावं का आता? गुडघं बोलाय लागलं."

सगळ्या बसल्या. मीही बसले. खरं सांगायची वेळ तीच होती आणि ती मी जाऊ दिली. म्हणून आता लिहिते आहे. हे संस्थेच्या अहवालात छापायला देणार आहे. सचिव म्हणाला, "बाई, असलं अहवालात नसतं." म्हटलं, ह्या वर्षी असेल.

लोकांना माहीत नाही म्हणून सांगते, आपण दोघी एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आलो. तू ऊसतोडीला जाणाऱ्या घरात, मी जनावरं राखणाऱ्या. माझा नवरा लवकर गेला. मी शेळ्या घेऊन युसूफ वडगावच्या बाजारात उभी राहायला लागले, शेळ्यांवरून गाईंवर आले. बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. माझी बोटं कोण धरणार? म्हणून मी भाव ओरडून सांगायचे. व्यापारी आधी हसले, मग ऐकायला लागले. माझा आवाज, माझा राग, माझं चेअरमनपद, सगळं त्या ओरडण्यातून आलं. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे.

तुझी गर्भाची पिशवी तिशीच्या आतच काढली. फडावर जाणाऱ्या बायकांना तेव्हा कुणीही सांगायचं, एकदा काढून टाका, कटकट मिटेल. तुझं तर पिशवीबरोबर आतलं सगळंच काढलं. आमची पाळी जायच्या कितीतरी आधी तुझी गेली. चाळिशीतच तुला बसलं की उठवेना, पाठ धरायची, रात्रंदिवस अंगातून वाफा. अंबाजोगाईला एका डॉक्टरीणबाईनं तुला समजावून सांगितलं की पाळी गेली की बाईची हाडं पोकळ व्हायला लागतात, तुझी लवकर लागली. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या पोरीकडं तू आठवड्याला एकदा एस.टी.नं जायचीस. जे शिकलीस ते वहीत काड्यांची माणसं काढून आणलंस. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले, कडबा संपला आणि आपल्या संस्थेनं जनावरांची चारा छावणी चालवायला घेतली. माळावर हिरव्या जाळीखाली चारशेच्या वर जनावरं. प्रत्येक दावणीला घरातलं एक माणूस मुक्कामाला आणि ते माणूस म्हणजे पन्नाशीची बाई. सून घरी पाण्याच्या टँकरमागं, लेक कामाच्या शोधात, म्हातारा पारावर. घरातून उचलून ठेवता येण्यासारखी तीच एक. गाईशेजारी बाजेवर महिने काढायचे तिनं.

सकाळी धारा झाल्या की तू दहा-बारा जणींना जाळीच्या शेवटच्या टोकाला न्यायचीस. आडवा बांबू धरून टाचा उचलायच्या. उसाच्या मोळीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून खांद्यापर्यंत. एका पायावर उभं राहायचं. आकडे मोजताना बायका चुकायच्या म्हणून तू कंडक्टरसारखी गावं म्हणायचीस. केज, नेकनूर, मांजरसुंबा, पाली, बीड. बीड आलं की पाय खाली.

तुळसाकाकू ओरडायची, "शके, तुझी गाडी लई हळू हाय. बीड यायच्या आत मीच उतरते."

"उतर की. पडलीस तर आंबुलन्स केजहूनच येणार हाय, तिकीट वाचंल."

आणि मग तू हळू आवाजात तो दुसरा व्यायाम सांगायचीस. बसल्या बसल्या, लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, सोडायचं. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही. त्यासाठी तर निम्म्या बायका येत होत्या. तुळसाकाकूनं एकदा मोठ्यानं सांगून टाकलं, "हसायची सोय राहिली न्हाई बाई. हसलं की लुगडं वलं. खोकलं की वलं. नवऱ्याला वाटतं म्हातारी गंभीर झाली." त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की व्यायाम तिथंच थांबवावा लागला. मी लांबून बघत होते. मला राग आला. कशाचा ते आज सांगता येतं. माझ्या छावणीत माझ्याशिवाय लोक हसत होते.

तू मला बोलवायला आली होतीस. मी तेव्हा पिंपात चुन्याची निवळी करून घेत होते. चारा म्हणून सगळा उसाचा वाडा, म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा पाला. नुसत्या वाड्यानं जनावराच्या अंगातला चुना जातो, मग गाय बसली की उठत नाही. म्हणून मी प्रत्येक गाईला निवळी पाजायचा हुकूम काढला होता. तू पिंपाशी उभी राहून बघत होतीस.

"सिंधू, गाईच्या अंगातला चुना जातोय त्याची तुला लई काळजी."

"मग? जनावर बसलं तर कोण उचलणार?"

"आन् बाईच्या अंगातला जातोय, त्याचं?"

"बाई काय वाडा खाती का?"

"पाळी गेली की तसाच जातो. डॉक्टरनं सांगितलंय. आन् नुसता चुना पाजून न्हाई भागत, हाडावर वजन पडाय लागतं. तू गाईला रोज दावणीवरून सोडून फिरवतीस, ते कावून?"

"खुट्याला बांधून ठिवली तर आखडती म्हणून."

"मग ये की उद्या सकाळी."

मी म्हणाले, "बाईला कुणी खुट्याला बांधलंय? दिसभर राबती. त्यात आणिक कसरत कशाला, सर्कशीत जायचंय का?"

"राबताना आपण सारखं वाकतो गं. एक तास सरळ व्हायचं, येवढंच हाय ते."

मी हसून पिंपाकडं वळले. तुझं म्हणणं मला पटलं होतं. जनावराचं अंग मला कळतं, चालण्यावरून मी गाईचं वय सांगते. तू जे म्हणत होतीस ते खरं आहे हे मला त्या क्षणी कळलं. पण ते तू सांगत होतीस. सौद्यात समोरच्याचं खरं असलं तरी लगेच हो म्हणायचं नसतं. माझी ती सवय. तिथं सौदा कसलाच नव्हता, हे मला कळलं नाही.

आठवड्यानं तपासणीचं पथक आलं. सकाळची वेळ, जनावरं मोजायची, प्रत्येक दावणीला मालक हजर पाहिजे. बारा दावणी रिकाम्या. बायका तुझ्याकडं, एका पायावर. त्यातच एक म्हैस सुटली आणि साहेबाच्या जीपला घासून गेली. साहेब हसला, पण कागदावर शेरा मारला. बरोबर गावातले आठ-दहा पुरुष होते, माझ्या विरोधातले दोघे त्यात. एक म्हणाला, "चेअरमनबाईनं छावणीत तमाशा बी सुरू केलाय का?"

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. मी तुझ्यावर ओरडले. बाजारातला आवाज लावून, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. म्हणाले, "पाळी गेली आन् ह्या बाईच्या अंगात आलं बगा! नाचायची हौस हाय तर जत्रंत जा, माजी छावणी कावून नासवतीस?"

पुरुष पोट धरून हसले. बायकांनी बाटल्या खाली ठेवल्या. आजवर जी गोष्ट बायका आपसात कुजबुजत बोलायच्या, ती मी पुरुषांसमोर फेकली आणि तीही शिवीसारखी. तू आपल्या दावणीपाशी गेलीस, तांबडी आणि बांडी, दोन्ही गाई सोडल्यास आणि माळ उतरून गेलीस. दुष्काळात छावणी सोडणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी "थांब" म्हणू शकले असते. दोन गाई दिसेनाशा होईपर्यंत मी साहेबाला चहा पाजत होते.

तांबडी तू महिन्याभरात विकलीस. घासाघीस तुला कधीच जमली नाही. बाजारात लोकांनी तुला फसवलं असणार. मी त्याच बाजारात, तिथंच, पन्नास पावलांवर उभी होते.

हे सगळं आठवून मला लाज वाटते असं मी लिहिते आहे, पण माझीही एक तक्रार आहे आणि ती मी लपवणार नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. माझा आहे. छावणी उठली, पाऊस झाला, संस्थेची निवडणूक लागली. आपण दोघीही संचालक म्हणून निवडून आलो. चेअरमन ठरवायला हात वर करायचे होते. माझ्या नावाला एकेक हात वर गेला. तुझा हात मांडीवर होता. माझ्या विरोधातही तू तो उचलला नाहीस. नुसता मांडीवर ठेवलास आणि माझ्याकडं बघत राहिलीस. मी एका मतानं पुन्हा निवडून आले. ती रिकामी संस्था मी उभी केली, दूध वाढवलं, बायकांच्या नावावर खाती उघडली आणि माझ्याबरोबर नांदायला आलेल्या बाईनं हात उचलला नाही. तो हात मला तेव्हापासून टोचत राहिला. तुझा पहिला अर्ज आला तो त्यानंतरच. "पाळी गेलेल्या महिलांच्या व्यायामासाठी हॉल मिळणेबाबत." मी वाचलासुद्धा नाही. त्यावर "जागा नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग तू आपल्या अंगणात सुरू केलंस. दोघी यायच्या, कधी तिघी. बाकीच्या येत नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी दूध संकलनाच्या फरशीवर घसरले. साधं घसरणं. हात टेकला आणि मनगट काडीसारखं मोडलं. अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरीणबाईनं फोटो दिव्यावर धरला आणि माझ्या लेकासमोर विचारलं, "पाळी जाऊन किती वर्षं झाली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, गोळ्या द्या, भारीतल्या द्या. ती म्हणाली, गोळ्या देईन, पण व्यायाम केल्याशिवाय उपयोग नाही. मी म्हणाले, गोळ्या थोड्या वाढवा, व्यायाम कमी करा. ती हसली. म्हणाली, "आजी, हा भाजीबाजार नाही. आणि तुमच्या गावात तर शकुंतलाबाई आहेत. त्यांच्याकडं जा, त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात."

प्लॅस्टर निघाल्यावर मी तुझ्याकडं आले. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मागच्या दारानं, हातात रिकामी बरणी घेऊन. कुणी बघितलं तर सांगायला की ताक न्यायला आले.

तू बरणीकडं बघितलंस. "दूध संस्थेची चेअरमन माज्याकडं ताक मागाय आली?"

"मला शिकव," मी म्हणाले. "पण कुणाला कळता कामा नये. ही अट हाय."

मला वाटलं, आता तू बोलशील. छावणीचं काढशील. मी उत्तरं तयार करूनच आले होते, तुझ्या मांडीवरच्या हाताचं उत्तर पहिलं. तू म्हणालीस, "बरं. माजी बी एक अट हाय."

"बोल."

"शिकताना तू बोलायचं न्हाई."

शकू, माझ्या आयुष्यात तेवढी अवघड अट कुणी घातली नाही.

रोज दुपारी अर्धा तास. तू सतरंजी अंथरून ठेवायचीस. पहिल्या दिवशी मी ओट्यावरून हात न टेकता दोनदा उठले आणि तिसऱ्यांदा मटकन खाली बसले. जनावर असतं तर मी ते विकत घेतलं नसतं. महिन्यानं दहादा उठले. एका पायावर उभी राहताना तू मागं उभी असायचीस, हात न लावता, पण इतक्या जवळ की तुझा श्वास मानेला लागायचा. लघवीचा त्रास मी कुणालाच सांगितला नव्हता. तुलाही नाही. तू न विचारता तो व्यायाम सांगितलास आणि दुसरीकडं बघत राहिलीस. पावसाळ्यात कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी बाजारात खोकले आणि घाबरले नाही.

आणि त्याच वर्षी तुझा दुसरा अर्ज आला.

सर्वसाधारण सभेत सचिवानं तो वाचून दाखवला. तू मागच्या रांगेत बसलेली. मी आदल्या दुपारीच तुझ्या सतरंजीवर होते. मला फक्त "मंजूर" म्हणायचं होतं. पण तेवढ्यावर कुणी थांबलं नसतं. कुणीतरी विचारलं असतं, "बाई, छावणीत तर तुमीच हसल्या होत्या, आता काय झालं?" मला त्या प्रश्नाची भीती वाटली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पोती कुठं ठिवायची? माज्या डोक्यावर? आन् घरी बायकांना काम कमी पडाय लागलं आसंल तर सांगा, गोठ्यात शेण लई हाय." सभा हसली. ठराव खाली गेला. मी तुझ्याकडं बघितलं नाही.

त्या दुपारी जावं की नाही ह्यावर मी बराच वेळ बरणी हातात घेऊन दारात उभी होते. शेवटी आले. सतरंजी अंथरलेली होती.

"आज उशीर केलास," तू म्हणालीस. एवढंच.

तू शिव्या दिल्या असत्यास तर मी दुप्पट दिल्या असत्या आणि फिटलं असतं. भांडण मला येतं. तू मला भांडू दिलं नाहीस. मी सतरंजीवर उभी राहिले, तू गावं म्हणायला लागलीस आणि मी पाय उचलला. उभ्या बाजारात रुमालाखालचा सौदा न करणारी मी. तुझ्याशी मात्र दोन वर्षं रुमालाखालीच व्यवहार केला. माझ्या हाडांना तुझं सगळं दिलंस आणि उजेडात मी तुला काहीच दिलं नाही.

एकदाच मी अट मोडली. टाचा उचलता उचलता विचारलं, "त्या दिवशी हात का वर केला न्हाईस?"

तू म्हणालीस, "तू मागितलास कवा? धरून चालली होतीस."

"मागायचा म्हंजे? मी काय भिकारी हाय?"

"मागायला भिकारीच लागतो असं न्हाई सिंधू. मी हॉल मागितला, मी काय भिकारी हाय?"

मी बरणी उचलून निघून गेले. महिनाभर आले नाही. पुन्हा आले तेव्हा तो विषय दोघींनीही काढला नाही. मला अजून वाटतं की त्या दिवशी तू हात वर करायला हवा होतास. हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस. पुढचं मला एकटीला भांडता येत नाही.

तीन दिवसांच्या तापात तू गेलीस. तुला पोचवून परत येणाऱ्या माणसांत एक जण म्हणाला, "येवढा व्यायाम करून काय झालं? गेलीच की." दुसरा हसला. मी चार पावलांवर होते. तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, सिंधूबाईसमोर वाकडं बोललेलं खपत नाही. त्या दिवशी खपलं. कारण तो विनोद त्यांचा नव्हताच, माझा होता. छावणीत मी सुरू केला होता, ते फक्त पुढं चालवत होते.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी मी पोती हलवली. ठराव वगैरे काही केला नाही, हमाल बोलावले आणि सगळी पोती माझ्या गोठ्याच्या पडवीत नेली. हॉल धुऊन काढला. दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं की सोमवारपासून सकाळी व्यायाम आहे, पाळी गेलेल्या सगळ्या बायकांनी यावं. मी माझ्या तोंडानं "पाळी गेलेल्या" म्हणाले, पुरुष बसले होते तिथंही. त्यांनी खाली बघितलं.

सोमवारी अकरा जणी आल्या. तुळसाकाकू पहिली. कमल शेवटी आली, दाराशीच थांबली. कमल तुला आवडायची. छावणीत तुझ्या शेजारच्या दावणीला तिची गाय होती आणि एका पायावर सगळ्यांत जास्त वेळ तीच टिकायची.

अकरा जणी हॉलमध्ये उभ्या आणि पुढं कुणी नाही. अंगणातल्या दोघींपैकी एकीनं सुरुवात केली, दोन प्रकार झाले आणि तिला पुढचं आठवेना. "शकूताई सांगायची तवा आपोआप यायचं," ती म्हणाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तुळसाकाकूनं चपला शोधायला सुरुवात केली. मी दाराशी उभी होते. मी हॉल दिला होता, माझं काम झालं होतं. मी गप्प राहिले असते तर पंधरा दिवसांत सगळं आपोआप बंद पडलं असतं, पोती परत आली असती आणि माझ्यावर काही बोलही आला नसता.

मी पुढं गेले, बायकांकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून सगळं क्रमानं करून दाखवलं. टाचा, मांड्या, खांदे, पाठ. शेवटी जमिनीवर मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले.

तुळसाकाकूनं हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"तुमाला हे कुठनं येतंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. दोन वर्षं, रोज दुपारी, मागच्या दारानं. अर्ज फेटाळला त्याच्या आदल्या दिवशीही आणि त्या दिवशीही. बरणीचंसुद्धा सांगितलं. माझा आवाज बाजारातला निघाला नाही, मागच्यांना ऐकू जाईना म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

तुळसाकाकू म्हणाली, "आगं बया."

मग कमल पुढं आली. मला वाटलं, ही शिवी देणार आणि मी ती घेणार. ती साध्या आवाजात बोलली, भाव विचारल्यासारखी. "छावणीनंतर मी बी जाणार होते शकूताईच्या अंगणात. सासू म्हणली, चेअरमनबाई ज्याला हसत्यात तिथं आपल्या घरातली बाई जायची न्हाई. म्हणून मी गेले न्हाई. चार वर्षं." मग ती म्हणाली, "तुमी जात होता व्हय."

मी जे येत होतं ते केलं. तिला भिंतीजवळ नेलं आणि म्हणाले, टाचा भिंतीला लाव, पाठ लाव, डोकं लाव, तिथून सुरू करू.

टाचा लागल्या. कंबर लागली. वरची पाठ कमानीसारखी पुढं आली होती, लुगड्याखाली इतके दिवस मला ती दिसलीच नव्हती. तिनं डोकं मागं न्यायचा प्रयत्न केला. दात आवळून केला. लागेना. हनुवटी वर गेली, डोळे छताकडं गेले, पण डोकं भिंतीला टेकेना.

"किती राहिलं?" तिनं विचारलं. तिला स्वतःला दिसत नव्हतं.

मी तिचं डोकं आणि भिंत ह्यांच्या मधे हात घातला. तळहात उभा मावला. मी दुसरा हात त्याला लावला. तोही मावला.

"सांगा की," कमल म्हणाली. "किती राहिलं?"